उशाशी कोण बसणार?

अमेरिकेतलं ओहायो राज्य. क्लीव्हलँडमधलं एक मोठं हॉस्पिटल. सकाळचे सात वाजलेत. भूलतज्ज्ञ डॉक्टर सोनोग्राफीचा प्रोब बाईंच्या पोटावर, बरगड्यांच्या खाली मधोमध टेकवतात. पडद्यावर जठर दिसतं आणि त्यात करडं, दाणेदार काहीतरी. बाईंनी काल संध्याकाळपासून अन्नाला हात लावलेला नाही. पण वजन उतरवण्यासाठी त्या दर आठवड्याला एक इंजेक्शन घेतात, आणि त्या औषधानं जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. पित्ताशय सुजलंय, अंगात ताप आहे. ऑपरेशन पुढे ढकलायची सोय नाही.

"पोट भरलेलं आहे असं धरूनच चालायचं," डॉक्टर म्हणतात. शेजारची नर्स मान डोलावते आणि सक्शनची आणखी एक नळी मागवते.

मी सांगलीची भूलतज्ज्ञ. इथे फक्त बघायला आलेय, हात कशालाच लावायचा नाही. आपल्याकडे भूल डॉक्टर देतो आणि केस संपेपर्यंत उशाशी बसतो. इथे उशाशी बसणार आहे ही नर्स. तिच्या बिल्ल्यावर 'सीआरएनए' लिहिलंय. म्हणजे आधी नर्सिंग, मग आयसीयूतली नोकरी आणि त्यानंतर भूलशास्त्राचं वेगळं शिक्षण. हल्ली नव्यानं शिकणाऱ्यांना तर त्यात डॉक्टरेटच करावी लागते.

"भूल कोण देणार, तुम्ही की हे?" बाई विचारतात.

"मी पूर्ण वेळ तुमच्याजवळ असेन," नर्स म्हणते.

"माझ्या देखरेखीखाली," डॉक्टर लगेच जोडतात.

दोघांचंही खरं आहे. पण नर्सचा चेहरा उतरतो आणि बाई एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहतात.

थिएटरात ती टेबलाचं डोकं उंच करते, बाईंना ऑक्सिजन देते. प्रोपोफॉल जातं, पाठोपाठ रोक्युरोनियम. डॉक्टर तिच्या खांद्याशी उभे आहेत, सक्शन हातात धरून. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपवर स्वरतंतू दिसतात, नळी आत सरकते, मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची पहिली चौकोनी लाट उमटते. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजतो. 'मेडिकेअर' या सरकारी विम्याच्या नियमानं एका डॉक्टरला एका वेळी चार थिएटरं सांभाळता येतात. भूल चढताना आणि उतरताना हजर राहायचं, मध्ये मध्ये फेरी मारायची. मेहनतान्याची विभागणी दोघांत निम्मी-निम्मी. डॉक्टर निघतात. अजून तीन खोल्या आहेत.

सर्जन पोटात गॅस भरू लागतात. नाडी ७८ वरून ५२ वर येते. पोटाचा पडदा ताणला की असं होतं, हे मला ठाऊक आहे; तरीही माझी बोटं आपोआप वळतात. ३६.

"गॅस सोडा," नर्स म्हणते. आवाज चढलेला नाही, पण सर्जनचा हात तत्क्षणी थांबतो. तिनं अ‍ॅट्रोपीन दिलेलंसुद्धा आहे. ४४, ६०, ८२. सर्जन कमी दाबानं पुन्हा सुरुवात करतात. ती फोनवर डॉक्टरांना दोन वाक्यांत सारं कळवते आणि नोंद करते.

"अ‍ॅगाथा हॉजिन्सनं आमची संघटना १९३१ मध्ये याच गावात उभी केली," ती मला हळूच सांगते. "त्याआधी मेयो क्लिनिकमध्ये अ‍ॅलिस मगॉनं भुलीच्या १४,००० हून अधिक केसेस केल्या, भुलीमुळे एकही मृत्यू न होता. आणि मी आज देखरेखीखाली!" २००१ पासून राज्यांना या देखरेखीच्या अटीतून सूट मागता येते. अनेक राज्यांनी ती घेतली, ओहायोनं नाही. हे सांगताना तिची नजर मॉनिटरवरून हलत नाही.

डॉक्टर फेरीला येतात, मॉनिटर आणि नोंदी बघतात. बाहेर मला म्हणतात, "पोटातलं अन्न कुणी शोधलं? बारा वर्षं शिकलोय मी त्यासाठी." तेही खरंच. मी डॉक्टर, त्यामुळे मला त्यांची बाजू आपसूक पटायला हवी. पण ३६ वर आलेली नाडी मी आत्ताच पाहिलीय. जो बसतो त्याला निर्णयाचा अधिकार हवा, आणि जठरात डोकावून बघण्याची बुद्धी ज्याला सुचते तो हाकेच्या अंतरावर हवा. चार खोल्यांत धावणारा माणूस हाकेच्या अंतरावर आहे, असं मला म्हणवत नाही.

नर्सची जेवणाची सुट्टी होते. तिच्या जागी येतो तो 'अ‍ॅनेस्थेशिऑलॉजिस्ट असिस्टंट'. म्हणजे भूलतज्ज्ञाचा साहाय्यक. यांचं शिक्षण साठच्या दशकाच्या अखेरीपासूनचं, क्लीव्हलँड त्याच्या पहिल्या केंद्रांपैकी एक. त्याला डॉक्टरांशिवाय काम करताच येत नाही, म्हणून डॉक्टरांच्या संघटनेला तो हवा असतो आणि नर्सेसना वाटतं, याला आपल्याला रोखायलाच आणलंय.

ती त्याच्याकडे न बघताच बोलू लागते. औषधं, वेळा, अँटिबायोटिकचा पुढचा डोस, मघाची नाडी. ओळीनं सगळं येतं, पण इतकं भरभर की मलाही नीट पकडता येत नाही. तो मध्येच थांबवतो.

"जठर भरलेलं होतं ना? म्हणजे पूर्ण जाग आल्यावरच नळी काढायची."

"अर्थात. लिहिलंय तिथे."

"वाचलं. तरी तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघते. जठरात घातलेल्या नळीतून किती निघालं, ते भांडं उचलून दाखवते. मग दारापर्यंत जाऊन परत फिरते.

"झोपेत श्वास अडकतो त्यांचा. सीपॅपचं मशीन घरून आणलंय, मुलीजवळ आहे. रिकव्हरीत नेण्याआधी मागवून घे."

"आत्ताच फोन करायला सांगतो," तो म्हणतो.