एकशे वीस लिटर पाण्याचे औषध

रायगड जिल्ह्यात खालापूरजवळ धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबई महापालिका घरोघरी पुरवते, आणि त्याच पाण्याचा लहानसा वाटा शहरातील रुग्णालयांत पोहोचल्यावर मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांचे औषध होतो. या औषधाला डायलिसिसचा द्राव म्हणतात. विभागातले तंत्रज्ञ त्याला नुसते ‘बाथ’ म्हणतात. दर मिनिटाला ५०० मिलिलिटर या नेहमीच्या वेगाने चार तासांत तो १२० लिटर लागतो, म्हणजे निरोगी माणूस सुमारे दोन महिन्यांत जेवढे पाणी पितो तेवढ्या पाण्याशी रुग्णाच्या रक्ताची एका बैठकीत, मध्ये केवळ एक अतिपातळ पडदा ठेवून, देवाणघेवाण होते. इतर कोणतेही औषध एवढ्या प्रमाणात द्यायचे असते तर त्याची मात्रा रुग्णागणिक लिहिली गेली असती. या द्रावाचे आकडे मात्र पुष्कळदा यंत्रात एकदाच भरले जातात आणि पहिल्या पाळीपासून शेवटच्या पाळीपर्यंत सर्वांना तेच लागू होतात. डायलिसिस चालू असताना रक्तदाब अचानक का कोसळतो, याच्या उत्तराचा मोठा भाग या आकड्यांत आहे.

द्राव तयार होतो तो खाटेशेजारी, यंत्राच्या पोटात. नळाचे पाणी आधी वाळूच्या व कोळशाच्या गाळण्यांतून आणि मग ‘आरओ’च्या पडद्यातून जाते. यांपैकी कोळशाचे काम क्लोरीन आणि क्लोरामाइन शोषून घेण्याचे असते, कारण पिण्याच्या पाण्यात चालणारे हे पदार्थ पडद्यातून रक्तात शिरले तर तांबड्या पेशी फुटतात. यंत्राच्या पायाशी दोन कॅन ठेवलेले असतात: ‘पार्ट ए’मध्ये मीठ, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडे आम्ल, तर ‘पार्ट बी’मध्ये सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा. दोन्ही तशीच एकत्र ओतली तर चुनखडीसारखा साका खाली बसेल, म्हणून यंत्र ती पाण्याबरोबर आयत्या वेळी मिसळते, आणि मिश्रण जमले की नाही हे त्यातून वीज किती सहज वाहते यावरून ओळखते. यंत्राच्या पडद्यावर चौदाच्या आसपास दिसणारा ‘कंडक्टिव्हिटी’चा आकडा म्हणजे प्रत्यक्षात द्रावाच्या खारटपणाचे माप होय.

हा खारटपणा मुख्यतः सोडियमचा असतो आणि रक्तदाबाशी सर्वांत जवळचे नातेही त्याचेच आहे. डायलिसिसमध्ये रक्तातला युरिया झपाट्याने निघून जातो, पेशींच्या आतला मात्र सावकाश निघतो. त्यामुळे काही काळ पेशींच्या आतील भाग रक्तापेक्षा दाट राहतो आणि पाणी पेशींकडे ओढले जाते. त्याच वेळी यंत्रही रक्तातून पाणी काढत असते. दोन्ही बाजूंनी आटलेल्या रक्तवाहिन्यांत दाब टिकत नाही, जांभया येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. द्रावात सोडियम थोडे जास्त, लिटरमागे १३८ ऐवजी १४२ मिलिमोल, ठेवले तर ते पाण्याला रक्तात धरून ठेवते आणि ती बैठक बिनत्रासाची पार पडते. पण ही उसनवारी असते, कारण वाढीव सोडियम रुग्णाबरोबर घरी जाते, तहान लावते, पुढच्या खेपेला वजन आणि रक्तदाब दोन्ही वाढवून आणते, आणि मग अधिक पाणी काढावे लागून दाब पुन्हा पडतो. या चक्रावर उपाय म्हणून सोडियम पुन्हा चढवले जाते, हे दुर्दैवच म्हणावे लागेल.

उरण-पेणची मिठागरे आणि दिवाळ्याचा कोळीवाडा ज्या शहराच्या शेजारी आणि पोटात आहेत, तेथे सुकट, सुके बोंबील, लोणचे आणि पापड यांच्याविषयी नुसते ‘पाणी कमी प्या’ असे सांगून भागत नाही. पोटात गेलेले साधारण आठ-नऊ ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवते. मीठ तसेच ठेवून पाणी तोडायला सांगणे म्हणजे रुग्णाला तहानेशी झुंजायला लावणे होय.

तापमानाचा आकडा त्या मानाने दुर्लक्षित आहे. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सियस असते म्हणून द्रावही ३७ अंशांचा, असा सरळ हिशेब अनेक वर्षे चालला. प्रत्यक्षात मूत्रपिंडविकाराच्या बऱ्याच रुग्णांचे शरीर त्याहून थोडे थंड असते, त्यामुळे ३७ अंशांचा द्राव त्यांना चार तास शेकत राहतो. पाणी निघू लागले की शरीर दाब सांभाळण्यासाठी कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळून घेते. त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही, आत साठते, आणि एका टप्प्यावर ती बाहेर टाकण्यासाठी त्याच वाहिन्या सैल पडतात. दाब कोसळण्याचे हे एक ठळक कारण आहे. द्राव ३५.५ ते ३६ अंशांवर ठेवला तर वाहिन्या आवळलेल्या राहतात, आणि यासाठी पैसाही लागत नाही. मात्र थंड द्राव म्हणजे सर्वांवरचा उतारा नव्हे: कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील ८४ केंद्रांत झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मायटेम्प’ या चाचणीत सरसकट थंड द्राव वापरून हृदयविकाराने होणारे मृत्यू किंवा रुग्णालयातील भरती कमी झाली नाही, उलट थंडी वाजण्याच्या तक्रारी वाढल्या. ज्याचा दाब वारंवार पडतो त्याच्यासाठी हा उपाय करून पाहावा, आणि वातानुकूलित दालनात त्याला एक जादा चादर द्यावी, एवढाच यातून शहाणपणाचा निष्कर्ष निघतो.

कॅल्शियम हृदयाच्या आकुंचनाला आणि वाहिन्यांच्या ताणाला बळ देते; लिटरमागे १.२५ मिलिमोलच्या द्रावात दाब काहीसा उतरतो, १.७५च्या द्रावात टिकतो, पण जास्त कॅल्शियम पुढे रक्तवाहिन्यांत साचण्याची भीती असते. सोड्याची कथा इतिहासजमा झाली आहे. १९६४ मध्ये सिएटलला, द्राव बनवणे सोपे व्हावे म्हणून, बायकार्बोनेटऐवजी अ‍ॅसिटेट वापरात आले, पण ते रक्तवाहिन्या सैल करते हे ध्यानात आल्यावर यंत्रे सुधारली आणि सोडा परत आला.

या साऱ्या आकड्यांना एका साध्या गणिताची मर्यादा आहे. पाणी काढण्याचा वेग ताशी दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरच्या आत असावा, असा सर्वमान्य इशारा आहे. ६० किलोचा रुग्ण तीन लिटर पाणी घेऊन आला तर चार तासांत हा वेग १२.५ पडतो, चार लिटर घेऊन आला तर तो जवळजवळ १७ होतो आणि पाच तास बसवूनही १३च्या किंचित वरच राहतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश असूनही आठवड्याला तीनऐवजी दोनच फेऱ्या करणारे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत; त्यांच्या बाबतीत सोडियम आणि तापमान कितीही जुळवले तरी हे ओझे एका बैठकीत हलके होत नाही. यंत्रावर असतानाच इडली-चहा घेण्याची सवयही येथे आड येते, कारण जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळते आणि आधीच तोलून धरलेला दाब खाली येतो. दाब पडल्यावर चढवल्या जाणाऱ्या सलाईनमध्येही लिटरमागे १५४ मिलिमोल सोडियम असतेच.

रुग्णाच्या डायलिसिसच्या वहीत आधीचे वजन, नंतरचे वजन, रक्तदाब आणि काढलेले पाणी यांचे रकाने असतात. द्रावाचे सोडियम आणि तापमान यांचे रकाने अनेक वह्यांत नसतात. ज्यांच्या घरी अशी वही आहे त्यांनी पट्टी घेऊन हे दोन रकाने आखावेत, दर खेपेला तंत्रज्ञाला आकडे विचारून ते भरावेत, आणि यंत्रावरचे काहीही स्वतः बदलण्याचा आग्रह न धरता महिन्याच्या तपासणीला ती वही नेफ्रॉलॉजिस्टपुढे उघडी ठेवावी.