संख्येला अंक किती?

देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. सुरतेहून मुंबईस जाताना डहाणू रोड स्थानक लागते, ते हेच गाव. कापरेकरांनी संख्यांच्या अंकांशी खेळण्यात आयुष्य वेचले. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे उजवीकडील तीन अंक वेगळे काढले, तर ८८ व २०९ असे दोन भाग होतात आणि त्यांची बेरीज पुन्हा २९७ भरते! अशा संख्येस कापरेकर संख्या म्हणतात. तीनच अंक का काढावयाचे? मूळ संख्या तीन अंकी म्हणून. मोजण्यात एकाची चूक होऊन ८ व ८२०९ असे भाग पाडले, की बेरीज ८२१७ येते आणि हाती आलेली संख्या निसटते.

विद्यार्थिमित्रहो, अशा संख्या आता संगणकाकडून शोधून घेता येतात. परंतु संगणक प्रत्येक संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे ० व १ या दोनच चिन्हांत साठवितो. आपले एकं, दहं, शतं त्याच्या गावीही नसते. म्हणून आज्ञावलीत पुढील रीत योजतात: संख्येस दहाने भागावे, बाकी सोडून द्यावी, भागाकार शून्य येईपर्यंत हेच करावे व किती वेळा भागले ते मोजावे. २९७ चे २९, मग २, मग ०. तीनदा भागले, अंक तीन. रीत निर्दोष खरी, पण भागणे हे संगणकालाही तुलनेपेक्षा सावकाशीचे काम. १ पासून ९९,९९,९९९ पर्यंतच्या सर्व संख्यांसाठी ६,८८,८८,८८९ वेळा भागावे लागते.

त्यापेक्षा १०, १००, १००० हे दहाचे घात एकदाच लिहून ठेवावेत आणि संख्या कोणत्या दोहोंमध्ये बसते ते पाहावे. कोणी लॉगॅरिथमचा पूर्णांक भाग घेऊन त्यात १ मिळवितात. हे दिसावयास सुबक. तथापि संगणक अपूर्णांक ठराविक स्थळांपर्यंतच ठेवतो. १००० च्या लॉगॅरिथमला १० च्या लॉगॅरिथमने भागता ३ ऐवजी २.९९९९९९९९९९९९९९९६ येऊ शकते, आणि चार अंकी संख्या तीन अंकी ठरते. मला तरी या रीतीचा भरवसा वाटत नाही.

त्याहून चतुर युक्ती संगणकाच्या स्वभावास धरून आहे. द्विमान पद्धतीत संख्येने किती स्थाने व्यापली, हे त्याला चटकन कळते. २९७ ची स्थाने ९. त्यांस १२३३ ने गुणून ४०९६ ने भागले, की पूर्णांक २ येतो. (४०९६ हा दोनाचा बारावा घात असल्याने हे भागणे म्हणजे केवळ बारा स्थाने सरकविणे.) आता दहाच्या दुसऱ्या घाताशी, म्हणजे १०० शी, एकच तुलना करावी: संख्या लहान असेल तर अंक २, नाही तर ३.

आणि संख्या ओळीने १, २, ३ अशा तपासावयाच्या असतील, तर प्रत्येक वेळी मोजावयाचेच कशाला? ९९,९९,९९९ पर्यंत अंकांची संख्या अवघी सहा वेळा बदलते. पुढची सीमा ध्यानात ठेवावी. ती आली की १ मिळवावा.

शून्याची व्यवस्था मात्र निराळी करावी लागते. भागण्यापूर्वीच 'संख्या शून्य आहे काय?' असे विचारणारी आज्ञावली शून्याला एकही अंक नाही असे सांगते. वहीत तर आपण एक अंक लिहितोच.