आकाशातील रसद : पडद्यावरची आणि प्रत्यक्षातली

जुलै २०२० मध्ये फ्रान्सहून अंबाल्याकडे निघालेल्या पहिल्या पाच राफेल विमानांची जी छायाचित्रे भारतीय वायुदलाने प्रसिद्ध केली, त्यांत एका अवजड फ्रेंच टँकर विमानातून मागे सोडलेली नळी, तिच्या टोकाची लहानशी टोपली आणि त्या टोपलीत आपला प्रोब, म्हणजे इंधन घेण्याची दांडी, रोवून जणू अधांतरी थबकलेले लढाऊ विमान असे एक दृश्य होते. ज्यांनी ते प्रथमच पाहिले त्यांना तो एखाद्या डोंबाऱ्याच्या कसरतीसारखा, म्हणजे केवळ एका विलक्षण माणसाच्या विलक्षण नेमाचा चमत्कार वाटला. आणि ज्यांनी घरच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटरच्या साहाय्याने कित्येक संध्याकाळी अशाच टोपलीचा पाठलाग केला आहे, त्यांना हे तर आपण रोजच करतो असे वाटले. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. दुसरी अधिक विचारार्ह आहे, कारण ती अर्धी खरी आहे आणि तिच्या उरलेल्या अर्ध्या भागात या विद्येचे मर्म दडलेले आहे.

पहिला गैरसमज वेगाविषयीचा. दोन विमाने ताशी शेकडो किलोमीटरच्या वेगाने धावत असताना एकाने दुसऱ्याला गाठायचे, म्हणजे तो वेग त्या क्षणी एखाद्या शस्त्रासारखा अंगावर येत असणार, अशी कल्पना सहज होते. वस्तुतः तो वेग दोघांचाही सारखाच असतो, आणि म्हणून परस्परांच्या दृष्टीने तो जवळजवळ नाहीसाच होतो. १० सप्टेंबर २०१८ रोजी तेजस विमानाने आयएल-७८ टँकरकडून प्रथमच हवेत इंधन घेतले तेव्हा उंची २०,००० फूट होती, वेग २७० नॉट होता आणि १,९०० किलो इंधन त्याच्या टाक्यांत उतरले. पण टोपलीकडे सरकताना विमानाने टँकरपेक्षा जो अधिक वेग ठेवायचा असतो तो साधारण तीन-चार नॉटांचाच, म्हणजे फेरफटक्याला निघालेल्या माणसाच्या चालीइतका. याहून मंद गेले तर प्रोब टोपलीच्या खिट्टीत अडकत नाही. याहून जलद गेले तर जे होते ते पुष्कळ वाईट असते, आणि नेमके तेच बहुतेक घरगुती सिम्युलेटरांत होत नाही.

कारण ही नळी म्हणजे नुसती दोरी नव्हे. टँकरच्या पोटात किंवा पंखाखालच्या शेंगेत एक मोठी चक्री असते, आणि टोपलीवरील हवेच्या ओढीशी समतोल राखून ती नळीला सतत ताण देत असते. मागच्या विमानाने टोपली पकडून काही फूट पुढे ढकलली, म्हणजे चक्रीने तितकी नळी गुंडाळून घ्यायची. आणि ती ठराविक अंतर आत गेली की मगच झडप उघडून पंपाच्या दाबाने इंधन वाहू लागते, आणि शेंगेवरचा पिवळा दिवा जाऊन हिरवा लागतो. इंधन वेगामुळे आपोआप शोषले जाते ही समजूतही म्हणूनच टाकून दिली पाहिजे. मात्र विमान आवेशाने आदळले आणि चक्रीला ढिलाई आवरून घेण्याइतका अवकाश मिळाला नाही, तर नळीत एक लाट उठते, ती टँकरपर्यंत जाऊन परत फिरते आणि चाबकाच्या टोकासारखी प्रोबवर येऊन पडते. प्रोबचे टोक मुद्दाम दुर्बल केलेले असते, यासाठी की काही मोडायचेच असेल तर ते टोक मोडावे, विमानाचे नाक नव्हे. संगणकाच्या पडद्यावर अशा प्रमादाची शिक्षा बहुधा ‘संपर्क तुटला’ एवढ्याच संदेशाने होते.

दुसरा गैरसमज नेमाचा आहे, आणि छायाचित्रापेक्षा सिम्युलेटरनेच तो अधिक पोसला आहे. टोपली हे लक्ष्य, प्रोब हा बाण, आणि वैमानिकाने त्या लक्ष्यावर नजर खिळवून बाण मारायचा, असे नवशिक्याला वाटते. आणि शिक्षक त्याला पहिल्याच दिवशी जी ताकीद देतात ती नेमकी याच्या उलट असते, की टोपलीच्या मागे लागू नकोस. टोपलीचा व्यास सुमारे दोन फूट. ती हवेच्या प्रत्येक लहरीबरोबर डुलत असते. आणि तिचा पाठलाग करणारा वैमानिक तिच्या प्रत्येक हेलकाव्याला आपल्या हाताचा एक हेलकावा जोडत जातो, तोही क्षणभर उशिराने, ज्यामुळे विमानाचे झोके विझण्याऐवजी वाढतच जातात. त्यातच विमानाच्या नाकापुढे दाबल्या जाणाऱ्या हवेची एक अदृश्य उशी असते. नाक जवळ आले की ती उशी टोपलीला हळूच बाजूला सारते, इतक्या नेमकेपणाने की टोपलीला जणू मन आहे आणि तिने जाणूनबुजून अंग चोरले असे वाटावे. म्हणून कुशल वैमानिक टँकरच्या पंखावरील, शेंगेवरील ठरलेल्या खुणा एका रेषेत धरतो, आपले विमान टँकरच्या संदर्भात स्थिर करतो, टोपलीला नजरेच्या कडेला ठेवतो आणि ती कोठे सरकेल याचा अंदाज आधीच हिशेबात धरून सावकाश पुढे जातो. नेम हा या कामाचा शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत गौण भाग आहे. मुख्य विद्या संचलनाची, म्हणजे दुसऱ्या विमानाशी जोडून उडण्याची आहे. घरच्या सिम्युलेटरांपैकी पुष्कळांत टोपली एखाद्या भिंतीवरील खुंटीसारखी निश्चल असते, तिला ना वाऱ्याची लहर लागते ना नाकापुढची उशी. अशा टोपलीवर नजर खिळवूनही यश मिळते, आणि ती सवय हाताला व डोळ्याला एकदा जडली की सोडवताना फार श्रम पडतात.

मग घरचे वैमानिक जे आवर्जून सांगतात, की प्रत्यक्षापेक्षा पडद्यावरच हे काम अवघड आहे, ते खोटे का? मुळीच नाही, आणि त्यांची ही तक्रार हसण्यावारी नेणे हा अन्याय आहे. खऱ्या कॉकपिटमधील माणसाला आपले विमान किंचित वर उचलले गेले हे डोळ्यांच्याही आधी आसनातून, पाठीतून, पोटातून कळते. त्याच्या दृष्टीची कक्षा रुंद असते, आणि डोके तसूभर हलविताच जवळच्या व दूरच्या वस्तू एकमेकींवरून सरकून अंतराचा हवाला देतात. टेबलावरील सपाट पडदा हे सगळे काढून घेतो. त्यावर आखूड जॉयस्टिक, जिची मध्यभागीची कमान बोटाच्या सूक्ष्म इशाऱ्यालाही प्रथम विरोध करते आणि मग एकदम मान तुकवते. म्हणजे जेथे केसभर सुधारणा हवी तेथे बोटभर होते. आभासी वास्तवाच्या चष्म्यांनी नजरेचे वैगुण्य पुष्कळसे भरून निघते, आसनाचे निघत नाही. तात्पर्य इतकेच, की पडदा साहाय्य करणाऱ्या गोष्टी हिरावून घेतो आणि अडविणाऱ्या गोष्टी माफ करतो. म्हणून तो एकाच वेळी अधिक कठीणही आहे आणि अधिक सोपाही, पण प्रत्यक्ष काम ज्या ठिकाणी कठीण असते त्या ठिकाणी मात्र नव्हे.

पडदा नजरेला फसवतो ही गोष्ट खेळापुरती नाही, हे अमेरिकेच्या केसी-४६ या नव्या टँकरने सिद्ध केले. त्याच्या आधीच्या केसी-१३५ मध्ये बूम, म्हणजे इंधन देणारी ताठ नळी, चालविणारा माणूस विमानाच्या शेपटीकडे पालथा पडून खिडकीतून मागचे विमान प्रत्यक्ष पाहत असे. केसी-४६ मध्ये त्याला पुढच्या भागात आसनावर बसवून कॅमेऱ्यांचे चित्र त्रिमितीच्या चष्म्यातून दाखविण्याची तजवीज झाली. २०१९ मध्ये ही विमाने वायुदलाच्या ताब्यात आली ती या चित्रप्रणालीच्या दोषासकटच: सूर्याच्या काही कोनांत चित्र झाकोळून जाई, अंतराचा अंदाज बिघडे, आणि बूमचे टोक समोरच्या विमानाच्या अंगावर नको तेथे घासले जाण्याचा धोका राही. संपूर्ण प्रणाली नव्याने करून देण्याचे ठरले. सपाट पडद्यासमोर घामाघूम झालेल्या हौशी मुलाचीच अडचण येथे एका व्यावसायिक बूमचालकापुढे उभी राहिली होती.

बूम हा शब्द आला म्हणून आणखी एक घोटाळा निस्तरला पाहिजे. कोणतेही टँकर विमान कोणत्याही विमानाला इंधन देऊ शकते असे गृहीत धरले जाते. तसे नाही. या विद्येच्या दोन स्वतंत्र परंपरा आहेत. नळी-टोपलीची पद्धत ब्रिटनमध्ये सर अ‍ॅलन कोबम यांच्या संस्थेने १९४९ मध्ये सिद्ध केली. तीत जोडणी करण्याचे काम मागच्या वैमानिकाचे. दुसरी बूमची, जी बोइंगने अमेरिकी वायुदलाच्या मोठ्या बॉम्बफेकी विमानांसाठी विकसित केली. तीत टँकरच्या शेपटीखालील ताठ, लांबणारी नळी छोट्या पंखांच्या साहाय्याने चालक स्वतः वळवतो आणि मागच्या विमानाच्या पाठीवरील वा नाकावरील खाचेत बसवतो, मागच्या वैमानिकाने फक्त टँकरच्या पोटावरील दिव्यांचा इशारा पाहून नेमून दिलेल्या जागेत स्थिर राहायचे. बूममधून इंधन कितीतरी अधिक वेगाने जाते, पण ती एका वेळी एकाच विमानाला पाजू शकते; नळीचे टँकर दोघा-तिघांना एकदम घेतात. आपल्याकडील आयएल-७८ विमाने, जी २००३ पासून आग्र्याच्या तळावर आहेत, नळीची आहेत. नाशिकजवळ ओझरला बांधले गेलेले आणि पुण्याच्या लोहगावच्या आकाशात नित्य दिसणारे सुखोई-३० एमकेआय आपल्या नाकाच्या डाव्या अंगाला दडविलेला प्रोब बाहेर काढून त्यांच्याकडून इंधन घेते. पण आपल्याच सी-१७ मालवाहू विमानांना आणि नौदलाच्या पी-८आय टेहळणी विमानांना खाच आहे, प्रोब नाही. त्यांना या टँकरांचा काहीएक उपयोग नाही.

आगीच्या भीतीविषयी थोडक्यात सांगता येईल. जोडणी सुटताना इंधनाचा फवारा उडतो आणि तो कधी कधी वैमानिकाच्या काचेवरही येतो. यात विपरीत काही नाही, कारण जेट विमानाचे इंधन ही रॉकेलच्या जातीची वस्तू आहे, आणि २०,००० फुटांवर हवेचे तापमान शून्याखाली सुमारे २५ अंश असते. खरे संकट आगीचे नव्हे, धडकेचे. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनच्या पालोमारेस गावावर, ३१,००० फुटांवर, बी-५२ बॉम्बफेकी विमान इंधन घेण्यासाठी येत असताना केसी-१३५ टँकरवर आदळले. टँकरमधील चारही माणसे आणि बी-५२ मधील सातांपैकी तिघे मृत्युमुखी पडले, आणि त्या विमानातील चार हायड्रोजन बॉम्ब जमिनीवर व समुद्रात पडून जगभर हाहाकार उडाला.

संपर्क झाला म्हणजे काम संपले ही समजूतही पडद्यावरचीच. मागचे विमान प्रत्येक मिनिटाला जड होत जाते, त्याला अधिक जोर लावावा लागतो, आणि शेवटी पूर्ण जोर लावूनही जड झालेले विमान मागे पडू लागते; तेव्हा दोन्ही विमाने जोडलेल्या स्थितीतच हलकेच उतरणीला लागतात, की उताराच्या बळावर वेग टिकावा. ठराविक पट्ट्याच्या टोकाला वळणही जोडलेल्या अवस्थेतच घ्यावे लागते.

आणि शेवटचा गैरसमज, जो मला सर्वांत खोल वाटतो: सिम्युलेटरमधला टँकर बहुधा नेमल्या जागी घिरट्या घालत असतो, त्याचे इंधन आटत नाही, आणि ज्याला लागेल त्याने केव्हाही यावे अशी त्याची मुभा असते. प्रत्यक्षात टँकरलाही घर गाठायचे असते. म्हणून टाकी रिती होईपर्यंत कोणी थांबत नाही. संपर्क झालाच नाही तर कोणत्या विमानतळावर उतरायचे हे ठरवून, तेथवर पुरेल एवढा साठा हाती असतानाच इंधन घेण्याचा शिरस्ता आहे. १९३४ मध्ये कोबम यांनी इंग्लंडच्या पोर्टस्मथहून न थांबता कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात, येण्याचा बेत केला, त्याची सारी मदार वाटेत कोठे किती इंधन मिळेल या हिशेबावर होती. थ्रॉटलच्या जोडणीतील एका क्षुद्र बिघाडाने त्यांना माल्टाला उतरावे लागले आणि बेत तेथेच सरला.

३० एप्रिल १९८२ च्या रात्री ब्रिटिश वायुदलाने अटलांटिक महासागरातील असेन्शन बेटावरून सुमारे ६,३०० किलोमीटर दूरच्या, अर्जेंटिनाने बळकावलेल्या फॉकलंडवर बॉम्ब टाकण्यासाठी एक व्हल्कन विमान धाडले, तेव्हा त्या एका विमानाला पोहोचविण्यासाठी अकरा व्हिक्टर टँकर आकाशात चढले. टँकर टँकरांना पाजीत, रिकामे झालेले माघारी वळत, आणि उरलेले पुढे जात. प्रत्येक विमानाने अंदाजापेक्षा अधिक इंधन खाल्ले. दक्षिणेकडे, वादळी हवेत, शेवटच्या दोन टँकरांपैकी एकाचा प्रोब इंधन घेता घेता मोडला. त्याने घेतलेले इंधन परत दिले आणि दोघांनी भूमिका बदलल्या. मूळ हिशेबाप्रमाणे जो माघारी फिरायचा तो बॉब टक्सफर्ड यांचा व्हिक्टर आता पुढे निघाला. व्हल्कनला शेवटचे इंधन देताना टक्सफर्ड आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे आकडे स्पष्ट होते: मोहीम पुरी व्हायची असेल तर त्यांना आपल्या वाट्याचे इंधनही द्यावे लागणार, आणि मग त्यांचे विमान बेटापर्यंत पोहोचणार नाही. त्यांनी ते दिले. मदतीची हाक मारली तर शत्रूला सुगावा लागेल, म्हणून बॉम्ब पडल्याचा सांकेतिक शब्द कानी येईपर्यंत ते काळोख्या समुद्रावरून मुकाट्याने उत्तरेकडे उडत राहिले, आणि मगच त्यांनी बेटाला आपली अवस्था कळविली. तेथून आणखी एक व्हिक्टर त्यांना सामोरा आला, आणि ज्या जोडणीला दुसरा कोणताही पर्याय नव्हता अशा त्या एका जोडणीवर पाचही माणसे परत आली.