रोखीचे कार्ड की उधारीचे कार्ड?



‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी तुम्ही दुकानाच्या भिंतीवर कितीदा तरी वाचली असेल. तिच्यातली गंमत अशी, की तो उद्या कधी उगवतच नाही. आता मात्र आपल्या खिशात अशी एक वस्तू आली आहे, की तिच्या जोरावर कोणत्याही दुकानात आजच उधारी मिळते. दुकानदार कुरकुर करीत नाही, वही काढीत नाही. उलट हसून पावती देतो. ही वस्तू म्हणजे क्रेडिट कार्ड.

तिचेच दुसरे भावंड म्हणजे डेबिट कार्ड. दोन्ही दिसायला जुळी. तोच आकार, तीच चकाकती चिप, त्याच आकड्यांच्या रांगा. म्हणून पुष्कळांची गल्लत होते. रोजच्या खर्चाला यातले कोणते वापरावे, हा प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर चुकले तर घराची घडी विस्कटते. तेव्हा जरा सावकाश समजून घेऊ.

डेबिट कार्ड म्हणजे आपल्याच खात्याची किल्ली. खात्यात ऊसबिलाचे, दुधाच्या बिलाचे किंवा पगाराचे पैसे जमा आहेत. दुकानात कार्ड लावले की त्यातले तितके पैसे त्याच क्षणी वजा होतात. खाते रिकामे, तर कार्डही मुके. म्हणजे हा चोख रोखीचा व्यवहार. नोटा मोजल्या नाहीत, इतकेच.

क्रेडिट कार्डाचे तसे नाही. तेथे तुमच्या खात्याला हातही लागत नाही. दुकानदाराला पैसे देते बँक, आणि लिहून ठेवते तुमच्या नावावर. महिन्याने बिल येते. ते ठरलेल्या तारखेच्या आत पुरते फेडले, तर खरेदीवर व्याज नाही.

समजा, बिलाची तारीख दर महिन्याची ५ आणि भरण्याची मुदत २५ तारखेपर्यंत. ६ जुलैला तुम्ही वस्तू घेतली, तर तिचे बिल ५ ऑगस्टला निघेल आणि पैसे २५ ऑगस्टला द्यायचे. म्हणजे ५० दिवस बिनव्याजी वापरायला मिळाले. पण तीच वस्तू ४ ऑगस्टला घेतली, तर मुदत फक्त २१ दिवसांची. ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ असे कोणी सांगितले, तर ते प्रत्येक खरेदीला लागू नसते, हे ध्यानात ठेवा.

तुम्ही म्हणाल, “मग वाईट काय आहे? फुकट पैसे वापरायला मिळतात की!” मिळतात, पण एका अटीवर. आणि खरी मेख तिथेच आहे.

बिलावर दोन आकडे असतात. एक ‘एकूण देय’ आणि दुसरा ‘किमान देय’. समजा, एकूण देय २०,००० रुपये आहे आणि किमान देय त्याच्या ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये. माणसाला वाटते, हजार भरले म्हणजे यंदाचा महिना निभावला. पण उरलेल्या १९,००० वर व्याज सुरू होते. दर महिन्याला साडेतीन टक्के धरला, तर ६६५ रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १२० रुपये. दोन्ही मिळून ७८५. तुम्ही घामाचे हजार रुपये भरले आणि देणे कमी झाले फक्त २१५ रुपयांनी! प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात, म्हणून आकडा याहून थोडा वाढतोच. शिवाय मागची बाकी राहिली, की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. या कार्डावर एटीएममधून रोकड काढली, तर त्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळा आकार.

महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, हे आपण इतिहासात वाचतो. व्याजावर व्याज चढून देणे कधी फिटेचना, हेच त्या संतापाचे मोठे कारण. आजचे कार्ड जमीन गहाण मागत नाही, हा फरक आहे. पण व्याजाचे गणित तेच आहे, आणि ते गणित माणूस पाहून बदलत नाही.

आता कोणते कार्ड कोणाला, याचा विचार करू. माझे सांगणे एकच आहे. कार्डाकडे पाहू नका. घरात पैसा कोणत्या तारखेला येतो आणि देणे कोणत्या तारखेला भरायचे, या दोन तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊसकऱ्याचे उदाहरण घ्या. खताच्या गोणी जूनमध्ये घ्यायच्या. मुलांच्या वह्या, पुस्तके, गणवेश त्याच महिन्यात. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होणार दिवाळीच्या सुमारास. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवे; पण तोड कधी येईल, हे कोणी सांगावे? फड जानेवारीत तुटला, तर पैसा त्यानंतर. म्हणजे जूनच्या खर्चाला पैसा यायला सात-आठ महिने. आणि क्रेडिट कार्ड थांबणार फार तर पन्नास दिवस. ही गाठ जुळायची कशी? उसाच्या भरवशावर या कार्डाने खत घेणे म्हणजे बारा महिन्यांच्या पिकाला दीड महिन्याची मुदत देणे.

या गरजेसाठी वेगळी सोय आहे. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड सुरू झाले. नावात ‘क्रेडिट कार्ड’ असले, तरी त्याची जात निराळी. हे पीककर्ज आहे, आणि त्याची फेड पीक हाती येण्याच्या वेळेला बांधलेली असते. ठरलेल्या मर्यादेपर्यंत सवलतीचा दर ७ टक्के, आणि वेळेत फेडणाऱ्याला ४ टक्के. कुठे ४ आणि कुठे ४२! गावच्या विकास सेवा सोसायटीत किंवा बँकेत जाऊन आपल्याला काय मिळू शकते, ते आधी विचारा. मात्र हेही कर्जच आहे. या कार्डातून काढलेला पैसा बी-बियाणे, खत, मशागत यांसाठी. वरातीच्या बँडसाठी नव्हे.

ज्या घरी दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते, त्यांनी किराणा, औषधे, एसटीचा प्रवास यांसाठी डेबिट कार्ड वापरावे, हेच बरे. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराला बँकेचा आकार पडत नाही. तेव्हा “कार्डाने देता, तर दोन टक्के जादा द्या” असे कोणी म्हटले, तर ही गोष्ट शांतपणे सांगा.

आता गुरुजींचे पाहू. त्यांचा पगार महिन्याला येतो आणि कार्डाचे बिलही महिन्याला. तारखा जुळतात. अशा माणसाने एखादे क्रेडिट कार्ड ठेवायला हरकत नाही. पण नियम कडक हवेत. वस्तू घेतली त्याच दिवशी तितके पैसे खात्यात बाजूला धरावेत. बँकेत ‘एकूण देय’ आपोआप वळते होईल, अशी सूचना देऊन ठेवावी. ‘किमान देय’ची नव्हे. खर्चाची मर्यादा बँकेने मोठी दिली, तरी आपण ती कमी करून घ्यावी. एका महिन्यात जरी पूर्ण बिल भरता आले नाही, तरी बाकी फिटेपर्यंत कार्ड पेटीत ठेवावे. कारण चुकलेल्या हप्त्याची नोंद सिबिलसारख्या संस्थांकडे जाते, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर ती आडवी येते. पत मिळवायला वर्षे लागतात आणि घालवायला दोन-तीन बिले पुरतात.

क्रेडिट कार्डाची एक बाजू खरोखर चांगली आहे, तीही सांगतो. फसवणूक झाली, तर डेबिट कार्डावर आपले स्वतःचे पैसे आधी जातात आणि मग तक्रार करीत बसावे लागते. क्रेडिट कार्डावर वाद चालतो तो बिलाच्या रकमेचा. घरातले धान्याचे पैसे जागेवर राहतात. कार्ड कोणतेही असो, बँकेला लगेच कळवा. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने नियम घालून दिला, की चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रसंगी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. पण ओटीपी तुम्हीच फोनवर सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचा तोटा तुमचा. १९३० या क्रमांकावरही तक्रार घेतात.

न मागता कोणी कार्ड गळ्यात घालू लागला, तर काय करावे? ही युक्ती जुनी आहे. १९५८ साली अमेरिकेत फ्रेझ्नो या शेतीच्या मुलखातल्या शहरात एका बँकेने सुमारे ६०,००० लोकांना न मागताच कार्डे पाठवली होती. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी याला स्पष्ट मनाई केली आहे. “आयुष्यभर फुकट आहे, फक्त सही करा” असे कोणी म्हणाले, तर एवढेच सांगा, की कार्ड फुकट असेल, पण उधारी फुकट नसते.

शेवटी फोनचे. चौकट टिपून पैसे देण्याची सवय आता खेड्यापाड्यांत लागली आहे. ते पैसे साधारणपणे आपल्या खात्यातूनच जातात, म्हणजे ही डेबिट कार्डाचीच पद्धत. पण २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही फोनला जोडता येते. फोन तोच, चौकट तीच. मात्र पैसा कोणत्या खिशातून गेला, ते बोट दाबण्यापूर्वी वाचा.

आणि गुरुजी, तुम्हाला एक विनंती. गावात बँकेचा कागद आला, की माणूस तो घेऊन तुमच्याकडेच येतो. त्याला शेवटची तारीख वाचून दाखवाच. पण ‘किमान देय’ या आकड्यावर बोट ठेवून, उरलेल्या रकमेवर वर्षाचे व्याज किती होते, ते त्याच्याच हाताने पाटीवर मांडून घ्या. शाळेत आपण सरळव्याज आणि चक्रवाढव्याज शिकवतो, ते याच दिवसासाठी.