मज्जाव कोणी करावा?

२०१९ च्या जुलै महिन्यात गॅब या अमेरिकी समाजमाध्यमाने आपली जुनी यंत्रणा बाजूस सारून मॅस्टोडॉन या मुक्त प्रणालीचा अंगीकार केला, तेव्हा त्या प्रणालीच्या कर्त्यांपुढे विलक्षण पेच उभा राहिला. आदल्याच वर्षी पिट्सबर्ग येथे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात शिरून ११ जणांची हत्या करणाऱ्या इसमाने आपला द्वेष याच गॅबवर उघडपणे ओतला होता, आणि त्या हत्याकांडानंतर पेपालसारख्या कंपन्यांनी गॅबशी असलेला आपला व्यवहार तोडून टाकला होता. अशा मंडळींना आपली प्रणाली वापरण्यास मनाई करावी असे मॅस्टोडॉनच्या कर्त्यांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु ज्या परवान्याखाली ती जगाला खुली केलेली होती, त्यात वापरणाऱ्याच्या शीलाची चौकशी करण्याची तरतूद नव्हती. २०१६ साली मॅस्टोडॉन सुरू करणारा जर्मन तरुण ओयगेन रोखको निषेध करू शकत होता, फर्मान काढू शकत नव्हता. मग घडले ते असे, की ठिकठिकाणच्या सर्व्हरचालकांनी, कोणाचाही हुकूम नसता, आपापल्या हद्दीत गॅबला मज्जाव केला; काही मोबाइल ॲपच्या कर्त्यांनी तर आपल्या ॲपमधून गॅबच्या पत्त्यावर जाण्याची वाटच बंद केली. गॅबचा पसारा मोठा होता, पण त्याच्याशी बोलायला शेजारी फारसे कोणी उरले नाही, आणि पुढे गॅबने स्वतःच हे जोडलेपण सोडून दिले.

हा प्रकार समजून घ्यायचा तर फेसबुक किंवा एके काळचे ट्विटर यांची घडण मनातून क्षणभर काढून टाकावी लागते. तेथे दप्तर एक, मालक एक आणि नियमही त्या मालकाचे. मॅस्टोडॉनची गोष्ट तशी नाही. येथे हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत. कोणी विद्यापीठाने चालवलेला, कोणी चार मित्रांनी वर्गणी काढून चालवलेला. प्रत्येकाचा कारभारी निराळा, खर्च निराळा, आचारसंहिता निराळी. जीमेलवरून याहूच्या पत्त्यावर ई-मेल जाते त्याच तत्त्वाने एका सर्व्हरावरील सभासद दुसऱ्या सर्व्हरावरील सभासदाचे लेखन वाचू शकतो, आणि यासाठी लागणारी ॲक्टिव्हिटीपब ही समाईक भाषा २०१८ च्या जानेवारीत डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने प्रमाण म्हणून मान्य केली. या सगळ्या गोतावळ्याला फेडिवर्स म्हणतात. येथे मध्यवर्ती सत्ता नाही, म्हणून मध्यवर्ती हकालपट्टीही नाही. आपल्या हद्दीत काय येऊ द्यायचे, एवढेच प्रत्येकाच्या हाती आहे.

या मज्जावाच्याही पायऱ्या आहेत. चालक परक्या सर्व्हराला नुसते मर्यादित करू शकतो, म्हणजे तेथील लेखन सार्वजनिक प्रवाहात दिसत नाही, पण ज्याने मुद्दाम अनुसरले असेल त्याला ते मिळते. किंवा संबंध समूळ तोडू शकतो, आणि मग दोन्हीकडच्या सभासदांची परस्परांशी जुळलेली नातीही तुटतात. या दोहोंमध्ये एक तिसरा मार्ग आहे, चित्रे तेवढी नाकारण्याचा, आणि त्याचे महत्त्व २०१७ साली ध्यानी आले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पिक्सिव्ह या जपानी कंपनीने पावू नावाचा सर्व्हर सुरू केला आणि पाहता पाहता तो सर्वांत मोठ्या सर्व्हरांत जाऊन बसला. त्यावरील काही रेखाचित्रे अशी होती की जपानच्या कायद्याला ती चालत, पण अल्पवयीनांच्या कामुक चित्रांस अनेक पाश्चात्त्य देशांत गुन्हा मानण्याचा संभव होता. शेजारच्या सर्व्हरावरील चित्र आपल्या सभासदाला दाखवताना त्याची प्रत आपल्याच यंत्रावर साठवली जाते, ही या व्यवस्थेची अडचण. तेव्हा अभिरुचीचा प्रश्न बाजूला राहिला आणि थेट चालकाच्या गळ्याशी कायदा आला. पुष्कळांनी पावूचा मजकूर येऊ दिला, चित्रे मात्र नाकारली. काहींनी संबंधच तोडले. सगळाच मज्जाव असहिष्णुतेपोटी होतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

परंतु या विषयातील खरा बोधप्रद प्रसंग फेडिवर्समधल्याच लेमी या दुसऱ्या प्रणालीवर घडला. लेमीवर माणसांऐवजी विषयवार मंडळे असतात, आणि २०२३ च्या जूनमध्ये रेडिट या संकेतस्थळाने बाहेरच्या ॲपना लावलेल्या नव्या दरांवर संतापलेले लोक लोंढ्याने तिकडे वळले. तेथे बीहॉ नावाचा एक सर्व्हर होता, ज्यात प्रवेश हवा असणाऱ्याला अर्ज करून आपण का येऊ इच्छितो हे सांगावे लागे, आणि ज्याच्या चालकांनी परस्परांशी सौजन्याने वागणे हाच आपला मूलमंत्र ठरवला होता. त्याच सुमारास लेमी डॉट वर्ल्ड आणि आणखी एक मोठा सर्व्हर कोणालाही बिनअर्जाने दाखल करून घेत होते, आणि तेथून येणारी माणसे बीहॉच्या मंडळांत येऊन वाटेल तसे बोलू लागली. बीहॉचे चालक मूठभर, आणि प्रणालीतील देखरेखीची साधने अगदी तोकडी. त्यांनी एके दिवशी दोन्ही सर्व्हरांशी संबंध तोडले. यात कोणाचाही दुष्टपणा नव्हता, हेच या प्रसंगाचे वैशिष्ट्य. तोडलेले शेजारी गॅबसारखे द्वेष्टे नव्हते, केवळ मोठे होते. आणि दहा उपद्रवी सभासदांबरोबर हजारो निरुपद्रवी सभासदही दाराबाहेर राहिले. याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की बीहॉच्या मंडळांच्या प्रती तुटलेल्या सर्व्हरांवर तशाच उभ्या राहिल्या. तेथील लोक त्यांत लिहीत राहत, एकमेकांना उत्तरेही देत, आणि त्यांतले अक्षरही बीहॉपर्यंत पोहोचत नसे.

आपल्याकडे वाळीत टाकण्याचा इतिहास इतका कडू आहे, की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यामुळे हे सारे वाचताना मराठी वाचकाचे मन साशंक होणे स्वाभाविक आहे. भेद मात्र मोठा आहे. गावाने वाळीत टाकलेल्याला पाणी नाही, विस्तव नाही, मयताला खांदा नाही. येथे माणूस दुसऱ्या सर्व्हरावर बिऱ्हाड हलवू शकतो, आणि मॅस्टोडॉनवर त्याचे अनुयायीही त्याच्यामागे जातात, जरी जुने लेखन मागेच राहते. तरीही माझ्या मते या व्यवस्थेत एक दोष जुन्या पंचायतीचा उतरला आहे, तो म्हणजे सुनावणीविना निवाडा. टाळावयाच्या सर्व्हरांच्या याद्या चालक एकमेकांना देतात, आणि थकलेला चालक त्या तपासत बसत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात पत्रकारांसाठी उघडलेल्या जर्ना डॉट होस्ट या सर्व्हराला, तेथील मोजक्या लेखनावरून उठलेल्या वादात, अनेकांनी दार लावले. त्यांतील कितींनी ते लेखन स्वतः वाचले असेल, याविषयी मला शंका आहे.

मग निवड प्रत्येक सभासदाच्याच हाती का देऊ नये? लेमीने २०२३ च्या अखेरीस तेही केले. आता सभासद एखादा सर्व्हरच्या सर्व्हर आपल्यापुरता बंद करू शकतो. पण तेथील मंडळे तेवढी नाहीशी होतात, तेथील माणसे इतर मंडळांत भेटतच राहतात. शिवाय ज्याच्यावर चिखल उडतो, त्यानेच प्रत्येक वेळी तो पाहून मग पुसायचा, हा या उपायाचा खरा अन्याय. म्हणून द्वेषाचेच दुकान मांडलेल्या सर्व्हराला चालकाने रोखावे आणि नुसत्या नावडीचा निवाडा सभासदावर सोपवावा, अशी वाटणी मला न्याय्य वाटते. बीहॉसारखी प्रकरणे या दोहोंच्या सीमेवर पडतात, आणि तेथे मनुष्यबळाचा प्रश्न तत्त्वापेक्षा वरचढ ठरतो.

आपल्यापुरते पाहिले तर हा प्रश्न अधिक बिकट आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात, सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने निलंबित केल्यावर, अनेक भारतीय निषेधादाखल मॅस्टोडॉनकडे वळले. रोखकोने सुरू केलेल्या मॅस्टोडॉन डॉट सोशल या सर्व्हराच्या नियमांत आज वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष यांच्या पंक्तीत जातिद्वेषही निषिद्ध म्हणून नोंदलेला आहे. नियम उत्तम आहे. परंतु मराठीत जातीवरून मारलेला टोमणा कित्येकदा आडनावात, गावाच्या उल्लेखात किंवा एखाद्या साध्या क्रियापदात दडलेला असतो. तक्रार युरोपातल्या देखरेख्याकडे गेली, तर यंत्राने केलेल्या भाषांतरात त्याला एक निरागस वाक्य तेवढे दिसेल, आणि ते वाक्य जिथल्या तिथे राहील. मराठी जाणणारे देखरेखे असलेला सर्व्हर कोणी उभा केला, तर त्या चालकाला शेजाऱ्यांची यादी उसनी आणून भागणार नाही, ती ओळीओळीने वाचूनच करावी लागेल.