नायट्रोजन जळत नाही, तरी जपा

चाकण-भोसरीच्या शेडमध्ये लेझरने स्टेनलेस स्टीलचा पत्रा कापताना नायट्रोजनचा झोत मारतात. कड काळी न पडता चकचकीत राहते. हा वायू पेट घेत नाही, कारण त्याचा तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. म्हणूनच नायट्रायडिंगच्या, म्हणजे पोलादात नायट्रोजन मुरवून त्याचा पृष्ठभाग कठीण करण्याच्या भट्टीत, ५०० अंश सेल्सिअसच्या आसपासही, नुसत्या नायट्रोजनऐवजी अमोनिया सोडावा लागतो. जळते मॅग्नेशियम मात्र नायट्रोजनमध्येही जळत राहते.

हवेत ७८ टक्के तोच असतो, मग भीती कसली, असे कोणी म्हणेल. पण जीव जगतो उरलेल्या ऑक्सिजनवर. बंद टाकीत नायट्रोजन साठून ऑक्सिजन १० टक्क्यांखाली गेला, तर वास नाही, ठसका नाही, माणूस थेट कोसळतो. टाकीत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन मोजा, १९.५ टक्क्यांहून कमी भरला तर उतरू नका.