मोती कोकणात निघतो तेव्हा...

मे महिन्यातली मालवणची दुपार. मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी वाड्यावस्त्यांची खळी भरलेली. एका गाडीतून घरातली माणसे उतरतात, मागोमाग पट्टा तोडून लॅब्राडोर धावतो आणि खळ्यात पहुडलेल्या गावातल्या कुत्र्यावर जाऊन आदळतो. दोघांची जुंपते. मालक मध्ये पडतो, दोघांना सोडवतो. हाताला दोन ओरखडे उठतात, थोडे रक्त येते. 'आपलाच कुत्रा आहे, इंजेक्शन दिलेले आहे,' असे म्हणत तो हात धुतो आणि जेवायला बसतो. लसीची तारीख उलटून आठ महिने झाले आहेत, हे त्याला चार दिवसांनी परत गेल्यावर, कार्ड पाहिल्यावर कळते. शिवाय ओरखडा आपल्या कुत्र्याचा होता की गावातल्या, हेही त्याला सांगता येत नाही.

घरातला प्राणी आता घरातला माणूस झाला आहे. चाकरमानी मे महिन्यात किंवा गणपतीला गावी निघतो तेव्हा मोतीला शेजाऱ्यांकडे ठेवणे जिवावर येते. त्यात गैर काही नाही. मात्र त्याच्या प्रवासाची तयारी ही त्याच्या सोयीपुरती नसते. ती घरातल्या माणसांच्या आणि गावाच्या आरोग्याशी बांधलेली असते.

महिनाभर आधी

पहिले काम लसीकरणाचे कार्ड काढून तारखा पाहण्याचे. रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी दिली जाते. पहिल्यांदाच लस दिली असेल तर संरक्षण तयार व्हायला तीन ते चार आठवडे लागतात. निघण्याच्या आदल्या दिवशी लस टोचून घेणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर छप्पर शाकारायला घेणे.

जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले सुमारे एक तृतीयांश मृत्यू भारतातले मानले जातात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपचार जवळपास नाहीच. प्रतिबंध मात्र शंभर टक्के शक्य आहे. सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्याने कुत्र्यांचे सार्वत्रिक लसीकरण हाती घेतले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर संसर्गाची साखळी तुटते, हे त्यामागचे शास्त्र. बाहेरून येणाऱ्या पाहुण्या कुत्र्याने ही साखळी पुन्हा जोडू नये, एवढी अपेक्षा गावाने करायला हरकत नाही.

दुसरी लस लेप्टोस्पायरोसिसची. कोकणात भातलावणीच्या हंगामात हा आजार डोके वर काढतो. उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या लघवीतून जंतू चिखलपाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमांतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात किंवा गणपतीला कुत्र्याला नेणार असाल तर त्याला शेताच्या बांधावर, साचलेल्या पाण्यात मोकळे सोडू नये. त्याची लघवी साफ करताना हातमोजे घालावेत. कुत्र्यासाठीची लस काही प्रकारच्या जंतूंपासूनच रक्षण करते, म्हणून लस दिली तरी ही काळजी सुटत नाही. परतल्यावर घरातल्या कुणालाही ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असा त्रास झाला, तर डॉक्टरांना 'आम्ही कोकणात चिखलपाण्यात होतो,' हे आवर्जून सांगावे.

रस्ता लांबचा

मुंबई ते मालवण हे अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. कोल्हापूरकडून आले तर फोंडा, गगनबावडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट उतरावा लागतो. वळणांवर माणसांसारखाच कुत्र्यांनाही त्रास होतो. लाळ गळणे, सतत जांभया देणे ही उलटीची पूर्वसूचना. म्हणून निघण्याआधी तीन-चार तास जड खाणे देऊ नये, पाणी मात्र थोडे थोडे द्यावे. दर दोन तासांनी थांबून पट्ट्यासकट पाय मोकळे करू द्यावेत. गाडीत प्राणी मांडीवर किंवा खिडकीबाहेर डोके काढून नको. पिंजऱ्यात किंवा सीटला अडकवलेल्या पट्ट्यात हवा. मांजर तर पिंजऱ्याशिवाय नेऊच नये. दार उघडताच ते पसार होते आणि अनोळखी मुलखात सापडणे कठीण.

रेल्वेने जायचे तर नियम आधी पाहावेत. वातानुकूलित प्रथम वर्गातला संपूर्ण कुपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्र्याला सोबत बसवता येते. टू-टायर, थ्री-टायर, स्लीपरमध्ये त्याला परवानगी नाही. तेव्हा त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीतून जावे लागते. उन्हाळ्यात त्या बंद पेटीतला लांबचा प्रवास टाळलेलाच बरा. मालवणला रेल्वे नाही, कणकवली किंवा कुडाळला उतरून पुढचा रस्ता उरतोच, हेही हिशेबात धरावे.

उकाडा फसवा असतो

मालवणात मे महिन्यात पारा फार चढत नाही. बत्तीस-चौतीस अंश म्हणजे विदर्भातल्या माणसाला हसू येईल. पण इथली हवा दमट. माणूस घाम गाळून थंड होतो. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांना असतात, त्यामुळे तो धापा टाकून, जिभेवरचे पाणी वाफ करून शरीर थंड ठेवतो. हवेतच बाष्प भरलेले असेल तर ही वाफ नीट होत नाही. कुत्रा धापा टाकत राहतो आणि अंग तापतच राहते. पग, बुलडॉग, शित्झू यांसारखी चपट्या नाकाची कुत्री आणि पर्शियन मांजरे यांची श्वासाची वाटच अरुंद, म्हणून त्यांना धोका अधिक.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे उभी गाडी. 'पाच मिनिटांत मासे घेऊन येतो,' म्हणून काचा थोड्या खाली करून प्राण्याला गाडीत ठेवले जाते. उन्हात बंद गाडीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहून अधिक वाढू शकते आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले की उष्माघात. घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलट्या ही त्याची लक्षणे. अशा वेळी आधी थंड करावे, मग दवाखाना गाठावा. सावलीत नेऊन अंगावर नळाचे किंवा विहिरीचे साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा. ओले फडके गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता कोंडते. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

किनाऱ्यावर

तारकर्ली, देवबाग, चिवला इथे फिरवायला पहाटे किंवा सूर्य कलल्यावर न्यावे. वाळूवर आपला हात पाचसात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही ती भाजणार. प्यायचे पाणी सोबत हवे. तहानेने खारे पाणी प्यायलेल्या कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात आणि जास्त प्यायले तर मेंदूवर परिणाम होतो. रापण ओढल्यावर नको असलेली मासळी किनाऱ्यावर पडते. त्यात केंड असतो. त्याच्या अंगातले विष शिजवूनही जात नाही. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाची नांगी खोल जखम करतात. म्हणून पट्टा हातात हवाच.

याच किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वोच्च संरक्षण दिले आहे. मोकाट सोडलेला कुत्रा वासावर जाऊन घरटे उकरतो.

गोचीड आणि माकडताप

किनारा पाहून मंडळी आंबोली, तिलारीकडे वळतात. इथे वेगळी काळजी हवी. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम सापडलेला माकडताप २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात पोहोचला आणि पुढे सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरातही रुग्ण आढळले. हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून येतो. कोरड्या हंगामात, साधारण डिसेंबर ते मे, धोका जास्त. जंगलातल्या पाचोळ्यात फिरलेला कुत्रा अंगावर गोचिड्या घेऊन थेट अंथरुणापर्यंत येतो. शिवाय गोचिडीमुळे त्याला स्वतःलाही ताप, रक्तक्षय, नाकातून रक्त असे आजार होतात.

निघण्याआधी पशुवैद्यकाकडून गोचीडनाशक औषध घ्यावे. मात्र कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. त्यातला परमेथ्रिन हा घटक मांजराचा जीव घेऊ शकतो. फिरून आल्यावर कान, मान, काखा, बोटांमधल्या खाचा तपासाव्यात. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, काडी, चटका नको. हाताने चिरडू तर नयेच. जंगलात मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

कातळावर फुरशाची भीती असते. दंश झाल्यास चिरा, दोर, झाडपाला यांत वेळ न घालवता पशुवैद्यक गाठावा. माणसांना दिले जाणारे सर्पविषविरोधी औषध प्राण्यांनाही चालते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता आधीच लिहून ठेवावा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. घरातल्या गोळ्या मात्र देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला पुरेशी घातक ठरते.

तो ओरखडा

आता पुन्हा खळ्यातल्या त्या मालकाकडे. त्याने काय करायला हवे होते? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. चुना, हळद, तिखट काही लावायचे नाही. त्याच दिवशी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावे लागले तरी टाळू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. सरकारी रुग्णालयांत त्वचेत दिली जाणारी लस पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या हिशेबाने मिळते, त्यात पहिला डोस म्हणजे शून्य दिवस. सुट्टी संपली म्हणून डोस बुडत नाहीत. कार्ड घेऊन आपल्या गावी उरलेले पूर्ण करता येतात. मोतीलाही चावा बसला असेल तर त्याचीही लस पुन्हा सुरू करावी लागते.

त्या मालकाची वेळ अजून गेलेली नाही. चार दिवस उशीर झाला असला तरी कार्ड पाहिल्या क्षणी त्याने दवाखान्यात जावे. उशिरा घेतलेली लस न घेतलेल्या लसीपेक्षा केव्हाही बरी.

म्हातारा, आजारी, गाभण किंवा आवाजाला घाबरणारा प्राणी असेल, तर ओळखीच्या माणसाकडे घरीच ठेवणे हीच त्याची खरी सुट्टी. न्यायचेच असेल तर कपड्यांची बॅग भरण्याआधी त्याचे लसीकरणाचे कार्ड उघडावे. तारखा पाहायला दोन मिनिटे लागतात.